गुडघा बदलल्यावर मांडीची ताकद परत मिळवताना: काय आधी, काय नंतर

गुडघा बदलल्यावर पाच-सहा आठवड्यांत बहुतेकांचं जुनं दुखणं बरंच कमी होतं, गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकू लागतो, वॉकर सुटतो. इथेच बरेच जण व्यायाम बंद करतात. मग चार-सहा महिन्यांनी तक्रारी सुरू होतात: जिना उतरताना पाय लटपटतो, खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, जरा जास्त चाललं की मांडी भरून येते. एक्स-रे काढला तर सांधा व्यवस्थित बसलेला असतो. कमी पडलेली असते ती स्नायूंची ताकद.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद आधी होती त्याच्या साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. आणि ती 'आधीची' ताकद तरी कुठली पुरेशी असते? वर्षानुवर्षं दुखऱ्या गुडघ्याला जपण्यात ती घटत आलेलीच असते. ही तूट भरून यायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. नुसतं हिंडून-फिरून ती भरून येत नाही. त्यासाठी ठरावीक क्रमाने, वजन वाढवत नेत काम करावं लागतं. बहुतेकांचं चुकतं ते या क्रमात.

## क्रम असा का

स्नायू बारीक होतो हे खरं, पण सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद जाण्याचं मोठं कारण वेगळं असतं. सांध्यात सूज आणि पाणी साठलं की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात, आणि मांडीच्या स्नायूला मिळणारा हुकूमच आखडता होतो. स्नायू शाबूत असतो, पण पूर्ण जोराने आवळण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही. "पाय उचलायचं मनात आणतो, पण पाय ऐकतच नाही," असं रुग्ण सांगतात, ते अगदी खरं असतं.

म्हणून आधी सूज उतरवायची, मग गुडघा पूर्ण सरळ करायचा, मग स्नायू जागा करायचा, त्यानंतर शरीराचं वजन आणि सर्वांत शेवटी बाहेरचं वजन. सुजलेल्या गुडघ्यावर घाईने वजन बांधलं तर सूज वाढते आणि स्नायूला मिळणारा हुकूम आणखी आखडता होतो. मेहनत दुप्पट होऊन ताकद तिथेच राहते, ती यामुळे.

सावधान: इथला क्रम पहिल्यांदा आणि गुंतागुंतीशिवाय झालेल्या शस्त्रक्रियेसाठी आहे. दुसऱ्यांदा सांधा बदलला असेल, हाडाला तडा गेला असेल, वाटीजवळचा स्नायुबंध शिवला असेल किंवा सर्जनने पायावर वजन टाकायला वा गुडघा वाकवायला मर्यादा घातली असेल, तर त्यांचंच ऐकायचं. खाली दिलेले आठवडे अंदाजाचे आहेत. पुढच्या टप्प्यात जायचं ते तपासणी जमल्यावर, कॅलेंडर बघून नाही.

## तयारी: शस्त्रक्रियेच्या आधीचे चार-सहा आठवडे

"दुखतंय म्हणून तर ऑपरेशन करतोय, आता व्यायाम कसला?" हा प्रश्न नेहमी येतो. दुखणाऱ्या गुडघ्यालाही झेपतील असे व्यायाम असतात: गुडघा गादीवर दाबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, उंच खुर्चीतून उठणं. ते आधीच शिकून ठेवले की शस्त्रक्रियेनंतर दुखण्यात आणि गुंगीत नव्याने शिकावे लागत नाहीत. दुसऱ्या पायाचे आणि दंडांचे व्यायामही याच काळात करा. सुरुवातीचे काही आठवडे शरीराचा मोठा भार त्यांच्यावरच असतो.

घरात एवढ्या वस्तू तयार ठेवा:

- हाताचे दांडे असलेली, न हलणारी, थोडी उंच खुर्ची
- शिवणकामाची मापाची टेप
- दोन-तीन जाडजूड टॉवेल
- बर्फाची पिशवी
- एक वही

पुढे पायाला बांधायची वजनं आणि रबरी पट्टा लागेल, पण त्याची आत्ता घाई नाही. चालण्याच्या वाटेतले सुटे गालिचे आणि वायरी मात्र आत्ताच उचला.

वहीच्या पहिल्या पानावर दोन नोंदी करा. पहिली, गुडघ्याचा घेर: पाय सरळ ठेवून वाटीच्या मध्यावर टेप धरायची, दोन्ही पायांचं माप घ्यायचं. दुसरी, हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. शून्य आलं तरी लिहा. पुढे सगळी तुलना याच आकड्यांशी होणार आहे.

रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर ते शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांकडून सुधारून घ्या. जखम भरणं आणि व्यायाम झेपणं, दोन्ही त्यावर अवलंबून असतं.

## टप्पा १: सूज उतरवणं (पहिल्या दिवसापासून)

सूज आपोआप उतरेल म्हणून वाट पाहत बसू नका. पाठीवर झोपून पूर्ण पाय छातीच्या पातळीपेक्षा वर येईल असा ठेवा. आधार टाचेखाली आणि पोटरीखाली हवा. कापड मध्ये घालून १५ ते २० मिनिटं बर्फ ठेवा, व्यायामानंतर तर नक्कीच. जखमेच्या आसपासची त्वचा, विशेषतः बाहेरच्या बाजूची, काही काळ बधिर असते. तिथे बर्फ किती बोचतोय ते कळत नाही, म्हणून घड्याळ लावूनच ठेवा.

जागेपणी दर तासाला घोटे वर-खाली करा, वीस-तीस वेळा, जोर लावून. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो.

नेहमीची चूक: गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, म्हणून घरचेही प्रेमाने ती सरकवून देतात. पण गुडघा तासन्‌तास किंचित वाकलेला राहिला की मागची बाजू आखडते, आणि पुढचा टप्पा दुप्पट अवघड होतो. उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली कधीही नको.

लगेच डॉक्टरांना कळवा: पोटरीत वाढतं दुखणं, एका पायाला अचानक आलेली सूज, ताप, जखमेतून पाणी वा पू येणं, पसरत जाणारी लाली. छातीत दुखणं किंवा धाप लागणं दिसलं तर फोनाफोनी करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. गुडघा काही महिने स्पर्शाला थोडा कोमट लागणं आणि हलवताना टक्‌ असा आवाज येणं मात्र सहसा काळजीचं नसतं.

## टप्पा २: गुडघा पूर्ण सरळ करणं (पहिले दोन-तीन आठवडे)

सगळे विचारतात, "किती वाकतोय?" सरळ किती होतोय, हे फारसं कुणी विचारत नाही. ताकदीच्या दृष्टीने आधीचा प्रश्न सरळ होण्याचा आहे. पाच-दहा अंश वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहिलं की मांडीच्या स्नायूला प्रत्येक क्षणी ओढ धरून ठेवावी लागते. पूर्ण सरळ गुडघ्यावर तीच मांडी विसावते. सरळ न झालेला पाय लवकर थकतो, चाल लंगडी होते आणि वर्षभराने ते सुधारणं फार कठीण जातं.

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, इतकी जाड की पोटरी आणि गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहील. पाय ढिला सोडा. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मागे ओढ बसेल, ती सोसायची. कुणालाही वरून गुडघा दाबायला सांगू नका.

तपासा: गादी कडक असावी. पाय लांब करून बसा आणि गुडघ्याच्या मागे हात सरकवा. दुसऱ्या पायाखाली जातो त्यापेक्षा हात सहज आत जात असेल, तर हा टप्पा चालू ठेवायचा आहे.

## टप्पा ३: स्नायू जागा करणं (पहिल्या दिवसापासून, साधारण सहा आठवड्यांपर्यंत)

हा व्यायाम दिसायला इतका किरकोळ आहे की लोक तो उरकून टाकतात. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते इथेच, म्हणून नीट सांगते.

पाय लांब करून बसा. वाटीच्या वर, थोडं आतल्या बाजूला, मांडीवर दोन बोटं ठेवा. आता गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा. दोन गोष्टी घडायला हव्यात: बोटांखालचा स्नायू टणक व्हायला हवा आणि वाटी किंचित मांडीकडे सरकायला हवी. पाच सेकंद धरा, पूर्ण सोडा. दहा वेळा, दिवसातून चार-पाच फेऱ्या. सोडणंही पूर्ण हवं. अर्धवट आवळलेल्या स्नायूला पुन्हा आवळल्याने काही साधत नाही.

बोटांखाली मऊच लागत असेल तर बहुधा नितंब आवळून पाय दाबला जातोय. अशा वेळी आधी चांगल्या पायाने तेच करा, जाणीव मनात धरा आणि मग दोन्ही पाय एकदम आवळा. मांडीवर हलकेच चापटी मारूनही मदत होते. श्वास कोंडू नका. मोठ्याने एक ते पाच मोजा, म्हणजे तो कोंडताच येत नाही.

दाबणं जमू लागलं की पुढच्या पायऱ्या या क्रमाने:

१. गुडघ्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवून फक्त टाच उचलायची, गुडघा सरळ होईपर्यंत. पाच सेकंद धरायचं, सावकाश खाली. (गुंडाळी व्यायामापुरतीच. झाला की काढून टाका.)

२. पाठीवर झोपून, दुसरा गुडघा उभा ठेवून, ऑपरेशनचा पाय आधी पूर्ण आवळून सरळ करायचा आणि तसाच सरळ ठेवून फूटभर उचलायचा.

३. तेच कुशीवर झोपून, पाय बाजूला वर उचलत. खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे राहिले की चालताना शरीर डुलतं, आणि त्याचा दोष उगाच गुडघ्यावर येतो.

तपासा: पाय सरळ उचलताना बाजूने कुणाला तरी पाहायला सांगा, किंवा मोबाइलवर चित्रण करा. पाय गादीवरून सुटताक्षणी गुडघा थोडा वाकतो का? हातांनी सरळ होणारा गुडघा स्वतःच्या ताकदीने तितका सरळ राहत नसेल, तर स्नायू अजून पूर्ण जागा झालेला नाही. अशा वेळी उंची आणि संख्या वाढवण्यात अर्थ नाही. पहिल्या पायरीवर परत या.

दोन-तीन आठवडे झाले तरी स्नायू टणक होत नसेल, तर फिजिओथेरपिस्टला विद्युत उत्तेजनाबद्दल विचारा. मांडीवर पट्ट्या लावून यंत्राने स्नायू आकसवला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा खरा उपयोग होतो, पण स्नायू डोळ्यांना दिसेल इतका आकसायला हवा. नुसत्या मुंग्या आल्या तर वेळ वाया जातो. पेसमेकर असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे यंत्र लावायचं नाही.

## इथे थांबून: किती दुखलं तर चालेल

'अजिबात दुखू द्यायचं नाही' आणि 'जितकं दुखेल तितकं चांगलं' हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं, तर दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालतं. खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो.

रोज अंथरुणातून उठण्याआधी गुडघ्याचा घेर मोजा. कालच्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर वाढला असेल किंवा दुखणं रात्रभर पुरलं असेल, तर काल जास्त झालं. त्या दिवशी काम निम्मं करा, बर्फ लावा, पाय वर ठेवा. व्यायाम पूर्ण बंद करायची गरज नसते. माप जागच्या जागी असेल तर पुढची पायरी चढायला हरकत नाही.

वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ बसवा. गोळी टाळून व्यायाम टाळणारे पुष्कळ भेटतात. त्यात शौर्य नाही, नुकसान आहे.

## टप्पा ४: वाकवणं

यावर सगळीकडे इतकं बोललं जातं की इथे थोडक्यात पुरे. पाठीवर किंवा खुर्चीत बसून टाच मागे सरकवायची, शेवटी काही सेकंद थांबायचं, दिवसातून अनेकदा. सपाट चालायला साधारण ६५ ते ७० अंश लागतात. जिना आणि खुर्चीतून उठणं यांना नव्वदच्या आसपास किंवा थोडं जास्त. सहा आठवडे होत आले तरी नव्वद गाठलं नसेल तर सर्जनला दाखवायला उशीर करू नका. आखडलेपणावर उपाय लवकर केलेलाच बरा.

वाकवण्याचं वेड ताकदीला मारक ठरतं ते असं: दिवसभर गुडघा जबरदस्तीने वाकवून सूज वाढवली जाते, आणि सुजेमुळे टप्पा ३ पुन्हा शून्यावर येतो.

## टप्पा ५: चालणं नीट करणं

काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. हे कितीही सांगितलं तरी पुष्कळ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. विरुद्ध हातातली काठी आणि ऑपरेशनचा पाय एकदम पुढे पडले की खुब्यावरचा आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो.

टाच आधी टेकवा, मग पाऊल. पाय जमिनीवर असताना गुडघा सरळ व्हायला हवा आणि पाय उचलताना वाकायला हवा. ताठ, काठीसारखा पाय फेकत चालायची सवय ऑपरेशनआधीच्या दुखण्यातून आलेली असते. ती आपोआप जात नाही. आरशासमोर दहा-बारा पावलं रोज, तेवढंच लक्ष देऊन.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, कठडा धरून. प्रत्येक पायरीवर एकेकच पाय टाकत चढणं-उतरणं पुढच्या टप्प्यानंतर.

काठी कधी सोडायची? काठीशिवाय चालताना लंगड दिसत नसेल तेव्हा. लंगडत काठीशिवाय फिरण्यापेक्षा न लंगडता काठी घेऊन फिरणं केव्हाही चांगलं.

नेहमीची चूक: "मी रोज तासभर चालतो, वेगळा व्यायाम कशाला?" चालण्याने दम टिकतो, सांधा मोकळा राहतो, मनही बरं राहतं. पण सपाट चालताना मांडीच्या स्नायूला इतका कमी जोर लागतो की त्यातून ताकद वाढत नाही. शिवाय मांडी थकली की शरीर गुपचूप चांगल्या पायावर झुकतं आणि कमजोर पाय कमजोरच राहतो.

## टप्पा ६: शरीराचं वजन वापरणं (साधारण तीन-चार आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत)

इथे येण्याच्या अटी दोन: पाय सरळ उचलताना गुडघा वाकत नाही आणि सकाळचं माप स्थिर आहे.

खुर्चीतून उठणं. हा सर्वांत उपयोगी व्यायाम आहे आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. एका काकूंचं उदाहरण सांगते. चार महिने नियमाने रोज तीस वेळा उठ-बस करूनही त्यांच्या मांडीचा घेर आणि ताकद होती तिथेच होती. समोरून पाहिलं तर उठणं छान दिसत होतं. मग काट्याचे दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवून त्यांना एकेका काट्यावर एकेक पाऊल ठेवून उठायला सांगितलं. उठता उठता चांगल्या पायाचा काटा झपकन वर गेला आणि ऑपरेशनच्या पायाचा जेमतेम हलला. चार महिने त्या चांगल्या पायाचाच व्यायाम करत होत्या, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

हे घरी करून पाहता येतं. काटे सारख्या उंचीचे आणि शक्यतो फिरत्या काट्याचे हवेत. डिजिटल आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. आकडे दुसऱ्या कुणीतरी वाचावेत, कारण खाली वाकून पाहिलं की तोल बदलतो. शेजारी आधाराला माणूस हवाच. आधी नुसतं उभं राहून दोन्ही पायांवर सारखं वजन आणायला शिका, मग उठताना आणि बसताना तेच साधा. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. सारखं वजन जमू लागलं की उशी काढा.

बसणं उठण्याइतकंच महत्त्वाचं. धपकन बसू नका. तीन मोजत खाली या. स्नायू लांबत असताना भार पेलण्याची हीच ताकद जिना उतरताना कामी येते.

पायरी चढणं. पाच ते दहा सेंटिमीटर उंचीच्या, न सरकणाऱ्या पायरीने सुरुवात. ऑपरेशनचा पाय वर, मग शरीर वर, आणि सावकाश खाली. मागच्या पायाने जमिनीला रेटा देणं ही इथली लबाडी. मागच्या पायाची बोटं वर उचलून धरली की रेटा देताच येत नाही. आरशात पाहा: गुडघा आत झुकायला नको, विरुद्ध बाजूचा खुबा खाली पडायला नको. दहाच्या तीन फेऱ्या स्वच्छ जमल्या की उंची थोडी वाढवा, नेहमीच्या जिन्याच्या पायरीपर्यंत.

यांच्या जोडीला ओट्याला किंवा टेबलाला धरून टाचा उचलणं, उभ्याने पाय बाजूला नेणं, आणि गुडघ्यामागे रबरी पट्टा अडकवून गुडघा किंचित वाकवून परत सरळ करणं. जागेवरची सायकल असेल तर सीट उंच ठेवून दहा-पंधरा मिनिटं. वाकणं आणि दम यांसाठी ती उत्तम. ताकदीचं काम मात्र वरच्या दोन व्यायामांनीच होतं.

तपासा: ३० सेकंदांची खुर्चीची चाचणी दर पंधरा दिवसांनी. आकडा शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याला गाठत असेल तर आनंदाची गोष्ट आहे, पण तो आकडा दुखऱ्या गुडघ्याचा होता हे विसरू नका.

## टप्पा ७: वजन वाढवत नेणं (साधारण तीन महिन्यांपासून पुढे)

बहुतेकांचा कार्यक्रम या टप्प्याआधीच संपतो. दुखत नाही, घरातली कामं होतात, मग कशाला? कारण टप्पा ६ पर्यंत आपण फक्त गमावलेल्यातलं काही परत आणलेलं असतं. स्नायूला रोजच्यापेक्षा जास्त भार मिळाल्याशिवाय तो वाढत नाही. तोच रबरी पट्टा, तीच तीस आवर्तनं सहा महिने करत राहिलं तर सहाव्या महिन्यातही ताकद तिसऱ्या महिन्याचीच असते.

वजन ठरवायची साधी रीत: आठ ते बारा आवर्तनं करून थांबल्यावर "अजून फार तर दोन झाली असती" असं वाटायला हवं. अजून दहा सहज झाली असती, तर वजन कमी आहे. सहाव्यालाच आकार बिघडला, तर जास्त आहे. अशा तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि दोन जोरकस दिवसांत एक दिवस मोकळा. सलग दोन वेळा बारा आवर्तनं आरामात झाली की थोडं वाढवा. पायाला बांधायचं वजन असेल तर अर्धा किलो पुरे.

लेग प्रेसचं (बसून पायांनी वजन ढकलायचं) यंत्र मिळत असेल तर दोन्ही पायांनी सुरू करा, पण लवकरच एकेका पायाने करा. दोन पायांच्या कामात चांगला पाय भार चोरतोच. यंत्र नसेल तर हातात वजन घेऊन खुर्चीतून उठणं, मग ऑपरेशनचा पाय थोडा मागे आणि चांगला पाय थोडा पुढे ठेवून उठणं. एवढ्या बदलानेही भार हवा त्या पायावर येतो. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी पाठीवर झोपून, गुडघे उभे ठेवून कंबर उचलायची.

ताकद स्थिरावली की थोडा वेग आणा. उठताना झटकन, बसताना सावकाश. ठेच लागल्यावर तोल सावरायला ताकद पुरत नाही, ती पटकन वापरता यावी लागते. एका पायावर उभं राहण्याचा सराव इथेच सुरू करा, बोटं टेबलावर टेकवून. उड्या आणि धावणं मात्र सर्जनशी बोलल्याशिवाय नको.

सावधान: रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर वजनाचा कार्यक्रम डॉक्टरांना विचारून ठरवा आणि जोर लावताना श्वास सोडत राहा.

## खाणं आणि झोप

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, आणि साठीनंतर तर अधिकच. या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, दिवसभराच्या जेवणांत वाटून घेतलेली, हे साधारण लक्ष्य धरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. पहिल्या महिन्यात भूक मेलेली असते आणि नेमकी तेव्हाच गरज जास्त असते, म्हणून थोडं-थोडं, पण वारंवार खा. रात्री दुखण्याने झोप मोडत असेल तर ते मुकाट्याने सोसू नका, पुढच्या भेटीत सांगा. न झोपलेल्या माणसाला व्यायाम झेपत नाही.

## आकडा अडला तर

चार-सहा आठवडे खुर्चीच्या चाचणीचा आकडा जागचा हलला नाही, तर याच क्रमाने शोधा. सकाळचं माप अजून वर-खाली होतंय का? होत असेल तर सूजच आड येतेय, चालणं आणि उभं राहणं थोडं कमी करा. गुडघा पूर्ण सरळ होतोय का? नसेल तर टप्पा २. वजनकाट्यांवर दोन्ही पाय सारखे आहेत का? आणि शेवटी, गेल्या महिन्यात वजन किंवा पायरीची उंची खरोखर वाढवली का? वही काढून पाहा, आठवणीवर विसंबू नका.

हे सगळं ठीक असूनही पाय मधेच दगा देत असेल, मांडीत किंवा नडगीत मुंग्या येत असतील, किंवा आधी कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढत असेल, तर कारण कंबरेत, खुब्यात किंवा सांध्यातच असू शकतं. अशा वेळी वजन वाढवू नका. सर्जनची भेट घ्या आणि जाताना वही सोबत न्या. सकाळची मापं, आवर्तनं, उचललेलं वजन आणि पाय कोणत्या कामात दगा देतो, एवढं त्यात लिहिलेलं असलं की त्यांना तपासणी नेमकी कुठून सुरू करायची ते कळतं.